चहा आणि कॅमेलिया : एका प्रजातीच्या ओळखीचा इतिहास

कॅमेलिया ही चहा कुलातील (थिएसी) सदापर्णी झुडपांची आणि लहान वृक्षांची आशियाई प्रजाती आहे. नेपाळ-सिक्कीमपासून आसाम, म्यानमार, दक्षिण चीन आणि व्हिएतनाममार्गे कोरिया-जपानपर्यंत, तसेच दक्षिणेकडे इंडोनेशिया व फिलिपीन्सच्या बेटांपर्यंत ती रानात उगवते. युनान, ग्वांगशी, ग्वांगडोंग हे चिनी प्रांत आणि त्यांना लागून असलेला उत्तर व्हिएतनाम हे तिचे माहेर मानले जाते, कारण सर्वांत जास्त जाती तिथेच एकवटल्या आहेत. त्या किती, हे मात्र मोजणारा कोण यावर ठरते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट सीली यांनी 1958 मध्ये 82 जाती मान्य केल्या, चीनच्या चांग होंग-ता यांनी 1981 मध्ये तो आकडा जवळपास 200 वर नेला आणि मिंग तिआनलू यांनी 2000 मध्ये तो पुन्हा 119 वर आणला. जगभर रोज उकळली जाणारी चहाची पाने या यादीतल्या एका जातीची, कॅमेलिया सायनेन्सिसची. चहा आणि बागेतली कॅमेलिया ही एकाच प्रजातीची भावंडे आहेत, ही गोष्ट शास्त्रात रुळायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्या काळात चहाला कॅमेलिया आणि कॅमेलियाला चहा समजण्याची चूक अनेकदा झाली, आणि एकदा तर तिच्यामुळे आसामातील चहाचा उद्योग जवळपास दहा वर्षे मागे पडला. या गोंधळाची कारणे झाडाच्या स्वभावातच शोधावी लागतात.

कॅमेलियाची पाने एकाआड एक, जाड, चिवट, तुकतुकीत आणि बहुधा करवतीसारख्या दंतुर कडांची असतात. पानाच्या गाभ्यात फाटे फुटलेल्या कठीण पेशी विखुरलेल्या असतात, वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दृढपेशी दाखवायला चहाचे पान घेतात ते त्यामुळेच. फुले पानांच्या बगलेत किंवा फांदीच्या टोकाला येतात. पाकळ्या पाच ते नऊ किंवा त्याहून अधिक, पुंकेसर पुष्कळ, पिवळ्या परागकोशांचे आणि बुडाशी एकमेकांना जोडलेले. जपानी कॅमेलियात ही जोडणी इतकी घट्ट असते की पाकळ्या आणि पुंकेसर मिळून फूल अख्खेच गळून पडते, सासानक्वा या जातीत मात्र पाकळ्या सुट्या सुट्या झडतात. जपानी कॅमेलिया हिवाळ्यात लाल फुलते, तेव्हा कीटक फारसे नसतात. तिचे परागण मुख्यतः चष्मेवाला हा छोटा पक्षी करतो आणि त्याच्यासाठी केसरांच्या नळीत भरपूर मध साठलेला असतो. चहाचे फूल याउलट लहान, पांढरे, सुवासिक असते, आखूड देठावर खाली मान घालून लोंबते आणि कीटकांना बोलावते. फळ म्हणजे एक ते पाच कप्प्यांचे बोंड. ते पिकायला जवळपास वर्ष घेते, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकाच झुडपावर यंदाची फुले आणि गेल्या वर्षीची बोंडे दोन्ही दिसतात.

या प्रजातीला आम्लधर्मी जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत बहुतेक जाती पिवळ्या पडून मरतात. बहुतेक पिकांना अपाय करणारे अ‍ॅल्युमिनियम चहाचे झुडूप मुकाट शोषून जुन्या पानांत साठवते. पाऊस भरपूर हवा, पण तो वर्षभर वाटून पडायला हवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि पुढचे कोरडे महिने चहाला मानवत नाहीत. सह्याद्रीत रानटी कॅमेलिया नाही. याच कुलातील गॉर्डोनिया ऑब्टुसा हा पांढऱ्या फुलांचा वृक्ष मात्र निलगिरी-केरळच्या डोंगरांत आढळतो.

इतिहासाच्या दृष्टीने चहाचे दोन गुण सर्वांत महत्त्वाचे ठरले. पहिला म्हणजे बियांचे अल्पायुष्य. बी तेलकट असते, सुकले की काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. पोत्यात भरून महिनोन्‌महिने जहाजाने नेलेले चहाचे बी पेरून उपयोग नसतो. दुसरा गुण स्वपरागणाला असलेला नकार. स्वतःच्या परागाने चहाचे बी जवळजवळ धरत नाही, शेजारच्या झुडपाचा पराग लागतो. त्यामुळे बियांपासून वाढवलेल्या मळ्यात दोन झुडपे कधी सारखी नसतात, आणि एक वाण दुसऱ्याजवळ लावला की पुढच्या पिढीत दोन्ही मिसळतात. चीनबाहेर चहा नेण्याचे प्रयत्न शंभर वर्षे का फसले आणि चहाच्या जाती-उपजातींचा वाद आजही का मिटत नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इथे आहेत.

चीनमध्ये अर्थातच या वनस्पतीची ओळख पटवण्याचा प्रश्न नव्हता. शिआनजवळच्या हान सम्राट जिंग याच्या समाधिस्थानात चहाच्या कळ्यांचे अवशेष मिळाले आहेत. हा सम्राट इसवी सनापूर्वी 141 मध्ये वारला, म्हणजे चहाचा हा प्रत्यक्ष पुरावा 2100 वर्षांहून जुना. आठव्या शतकात लू यू याने ‘चा जिंग’ हा चहावरचा पहिला ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी तो झाडाचेच वर्णन करतो: दक्षिणेकडचा वृक्ष, पाने गार्डेनियासारखी, फूल पांढऱ्या रानगुलाबासारखे. हे वर्णन आजच्या वाचकालाही झाड ओळखायला पुरेसे आहे. जपानमध्ये चहाचे बी नेण्याचे श्रेय बौद्ध भिक्षूंना दिले जाते, त्यांपैकी एइसाई 1191 मध्ये चीनहून परतला. अंतर थोडे असल्याने बी जिवंत पोहोचले. युरोपच्या वाट्याला ही सोय नव्हती.

युरोपला चहा आधी पेटीतून माहीत झाला, झाड नंतर. सुकलेल्या, वळलेल्या पानावरून झुडपाची कल्पना करायची, असा तो प्रकार होता. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स कनिंगहॅम याने अठराव्या शतकाच्या आरंभी चीनच्या झौशान बेटावरून वाळवलेले नमुने लंडनला पाठवले. खरी माहिती मात्र एंगेलबर्ट केंफर या जर्मन वैद्याने दिली. डच कंपनीच्या नोकरीत तो 1690 ते 1692 या काळात नागासाकीच्या देजिमा बेटावर होता. त्याच्या 1712 मध्ये छापलेल्या लॅटिन ग्रंथात चहाच्या झुडपाचे आणि जपानी ‘त्सुबाकी’चे म्हणजे आजच्या जपानी कॅमेलियाचे सचित्र वर्णन आहे. परकीयांना बेटाबाहेर पडायची मुभा जवळपास नव्हती, हे ध्यानात घेतले तर त्याच्या निरीक्षणाची अचूकता थक्क करणारी वाटते.

स्वीडनच्या लिनियसने केंफरच्याच आधारावर दोन्ही वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, पण दोन वेगळ्या प्रजातींत. 1753 च्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात चहा ‘थिया सायनेन्सिस’ झाला आणि त्सुबाकी ‘कॅमेलिया जॅपोनिका’. कॅमेलिया हे नाव गेओर्ग योसेफ कामेल याच्या स्मरणार्थ आहे. मोराव्हियातील ब्रनो गावी 1661 मध्ये जन्मलेला हा जेझुइट सेवक मनिलात औषधालय चालवत असे, फिलिपीन्सच्या वनस्पतींची वर्णने व चित्रे लंडनला पाठवत असे आणि 1706 मध्ये तिथेच वारला. कॅमेलियाच्या शोधाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी त्याच्या कष्टांची आठवण राहावी म्हणून नाव दिले गेले, आणि त्यात गैर काही नाही.

लिनियसला चहाचे जिवंत झुडूप हवे होते. त्यामागे शास्त्राबरोबर अर्थकारणही होते: चहासाठी चीनकडे जाणारी चांदी थांबवायची आणि स्वीडनमध्येच चहा पिकवायचा. त्याचा शिष्य पेर ओसबेक याने चीनहून आणलेले रोप केप ऑफ गुड होपजवळच्या वादळात डेकवरून समुद्रात उडाले. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक लागरस्ट्रॉम याने दोन रोपे उप्सालापर्यंत पोहोचवली, ती वाढली, फुलली आणि फुलल्यावर कळले की हा चहा नसून कॅमेलिया आहे. शेवटी कप्तान कार्ल गुस्ताव एकेबेर्ग याने ताजे बी कँटनहून निघतानाच कुंड्यांत पेरले, ते वाटेत उगवले आणि 1763 मध्ये रोपे जिवंत पोहोचली. बियांचे अल्पायुष्य ओळखून काढलेली ही युक्ती पुढे पाऊणशेहून अधिक वर्षांनी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणार होती. स्वीडनच्या थंडीत चहाची शेती अर्थातच झाली नाही.

याच सुमारास लिनियसने 1753 ची एक जाती मोडून दोन केल्या: सहा पाकळ्यांची ‘थिया बोहिया’, जिच्यापासून काळा चहा होतो असे मानले गेले, आणि नऊ पाकळ्यांची ‘थिया विरिडिस’, जी हिरव्या चहाची. पाकळ्यांची संख्या एकाच झुडपावर पाचापासून नवापर्यंत बदलते, हे जिवंत झाडांअभावी त्याला दिसले नव्हते. लंडनचा वैद्य जॉन कोकली लेट्सम याने 1772 च्या आपल्या ग्रंथात दोन्ही चहा एकाच जातीचे असावेत असे सुचवले, पण लिनियसचे वजन मोठे होते. पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे शास्त्रज्ञ आणि व्यापारी दोघेही काळ्या व हिरव्या चहाची झाडे वेगळी आहेत असेच धरून चालले.

बागेतल्या कॅमेलियाचा प्रवास यापेक्षा सोपा होता. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या लॉर्ड पीटरच्या बागेत 1739 च्या सुमारास लाल कॅमेलिया फुलली होती. 1792 मध्ये ‘कार्नाटिक’ या जहाजाचा कप्तान कॉनर याने चीनहून दुहेरी पांढरी कॅमेलिया आणली. 1820 मध्ये कप्तान रॉजने युनानच्या परंपरेतली मोठ्या फुलांची झाडे आणली आणि जॉन लिंडलीने 1827 मध्ये त्यांवरून ‘कॅमेलिया रेटिक्युलाटा’ ही जाती वर्णिली. दुहेरी फुले म्हणजे पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या, चिनी माळ्यांनी शेकडो वर्षे निवडून जपलेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये या फुलाची इतकी चलती होती की धाकट्या अलेक्सांद्र द्यूमाने 1848 च्या आपल्या कादंबरीच्या नायिकेला त्याच नावाने ओळख दिली. बागेच्या फुलांसाठी जाती नेमकी कोणती, याची कुणाला फारशी फिकीर नव्हती. चहाच्या बाबतीत त्याच प्रश्नावर साम्राज्याचा व्यापार टांगलेला होता.

भारतात चहा पिण्याची नोंद चहाच्या लागवडीपेक्षा बरीच जुनी आहे. 1689 मध्ये सुरतेला आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तिथले वाणी मसाले घातलेला गरम चहा पितात, असे लिहून ठेवले. तो चहा चीनचा. भारतात चहा लावावा ही सूचना जोसेफ बँक्स यांनी 1788 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला केली होती आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा संस्थापक रॉबर्ट किड याने कँटनची काही झुडपे वाढवलीही होती. पण चीनच्या व्यापाराचा मक्ता कंपनीच्या हाती असेपर्यंत तिला घाई नव्हती.

दरम्यान चहाचे झाड भारतात होतेच. ब्रह्मपुत्रेच्या वरच्या खोऱ्यातील सिंगफो लोक त्याची पाने भाजून, उन्हात वाळवून, बांबूच्या नळ्यांत ठासून चुलीवरच्या धुरात ठेवत आणि त्याचा काढा पीत. त्याला ते ‘फालाप’ म्हणतात. 1823 मध्ये रॉबर्ट ब्रूस हा स्कॉटिश व्यापारी शिवसागरजवळच्या रंगपूरला पोहोचला, तेव्हा बेसा गाम या सिंगफो प्रमुखाकडून त्याला या झाडाची माहिती मिळाली. ही ओळख करून देण्यात मणिराम दत्त बरुआ या आसामी गृहस्थाचा हात होता, असे परंपरेने मानले जाते. ब्रूस लवकरच वारला. त्याचा भाऊ चार्ल्स अलेक्झांडर ब्रूस याच्यामार्फत काही रोपे गुवाहाटीचे डेव्हिड स्कॉट यांच्याकडे गेली आणि स्कॉट यांनी पाने कलकत्त्याला, वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांच्याकडे पाठवली.

वॉलिच यांनी ही कॅमेलियाची एक जाती आहे, पण चहा नव्हे, असा निर्वाळा दिला. हा निर्णय आज चुकीचा दिसतो, पण तो आळसाचा नव्हता. वॉलिच यांनीच 1820 मध्ये नेपाळमधून आलेल्या नमुन्यावरून ‘कॅमेलिया किसी’ ही जाती वर्णिली होती. तिची पाने चहाशी इतकी मिळतीजुळती, की नुसत्या पानांवरून आसामच्या झाडाला चहा म्हणणे त्यांना धाडसाचे वाटले. दोन प्रजातींमधला फरक फुलाच्या देठात आणि फळात होता, आणि फळ त्यांच्यासमोर नव्हते. उप्सालामध्ये कॅमेलियाला चहा समजले गेले होते, कलकत्त्यात चहाला कॅमेलिया. मात्र सिंगफो लोक या पानांचे काय करतात, हे विचारले असते तर प्रश्न तिथेच सुटला असता. त्या काळच्या शास्त्राला वाळलेला नमुना पुरावा वाटे, पिणाऱ्याचा अनुभव नव्हे.

1833 च्या सनदी कायद्याने कंपनीचा चीनचा मक्ता संपला आणि चित्र पालटले. 1834 च्या आरंभी गव्हर्नर-जनरल बेंटिंक यांनी चहा समिती नेमली. तिचे सचिव जॉर्ज जेम्स गॉर्डन बी आणि कारागीर मिळवायला चीनला रवाना झाले. त्याच वर्षी सदियाहून लेफ्टनंट चार्ल्टन याने पानांबरोबर बोंडेही पाठवली. चहाचे बोंड तीन ठसठशीत खोबणींनी विभागलेले असते आणि प्रत्येक कप्प्यात बहुधा एकच गोल बी असते. वॉलिच यांनी फळ पाहिले आणि आपले मत बदलले. 24 डिसेंबर 1834 रोजी समितीने सरकारला कळवले की चहाचे झाड वरच्या आसामात निःसंशय मूळचेच आहे. एका बोंडाने दहा वर्षांचा वाद संपवला.

तरी चीनच्या बियांचा मोह सुटला नाही. गॉर्डन यांनी पाठवलेल्या बियांपासून 1835 मध्ये कलकत्त्यात सुमारे 42,000 रोपे तयार झाली. त्यांतली 20,000 च्या आसपास वरच्या आसामात, तेवढीच कुमाऊं व लगतच्या हिमालयात आणि 2,000 च्या आसपास दक्षिण भारतात गेली. आसामातली पहिली खेप सदियाजवळ कुंडिल नदीच्या मुखाशी वाळूमिश्रित जमिनीत लावली गेली आणि बहुतेक मेली. वॉलिच, विल्यम ग्रिफिथ आणि भूगर्भशास्त्रज्ञ जॉन मॅक्लेलंड यांना 1835 च्या ऑगस्टमध्ये आसामात धाडले गेले. रानात वाढलेल्या झाडापेक्षा चीनमध्ये शतकानुशतके लागवडीत असलेले झाड चांगलेच असणार, असे ग्रिफिथ यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष मळ्यात काम करणारा चार्ल्स ब्रूस मात्र स्थानिक झाडांवरच भिस्त ठेवून होता. त्या पानांच्या आठ पेट्यांचा लिलाव लंडनमध्ये 10 जानेवारी 1839 रोजी झाला आणि त्याच वर्षी आसाम कंपनी स्थापन झाली. मैदानी, उष्ण, दमट आसामात स्थानिक झाड जिंकले. चिनी झुडूप हिमालयाच्या थंडीत, कुमाऊंत आणि पुढे दार्जिलिंगला टिकले, तिथे 1841 मध्ये डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी कुमाऊंच्या बियांपासून पहिली रोपे लावली होती. पण जिथे दोन्ही वाण शेजारी लावले गेले तिथे ते आपापसांत मिसळले, आणि शुद्ध आसामी बी मिळवायला मळेवाल्यांना पुढे बरेच सायास पडले.

या विजयात स्थानिकांचा वाटा फारच कमी राहिला. मणिराम 1839 मध्ये आसाम कंपनीचे दिवाण झाले, नंतर बाहेर पडून त्यांनी जोरहाटजवळ चिनामारा येथे स्वतःचा मळा उभारला. चहाचा मळा व्यापारी तत्त्वावर चालवणारे ते पहिले भारतीय. 1857 च्या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून 26 फेब्रुवारी 1858 रोजी जोरहाटला त्यांना फाशी देण्यात आली. सिंगफोंच्या रानांचे मळे झाले, आणि त्या मळ्यांत राबायला छोटा नागपूर व मध्य भारतातून माणसे करारावर आणली गेली. त्यांच्या हालांचा इतिहास वेगळा आणि मोठा आहे.

काळ्या-हिरव्या चहाचा प्रश्न रॉबर्ट फॉर्च्युन या स्कॉटिश माळ्याने सोडवला. 1843 ते 1845 या पहिल्या चीन दौऱ्यात त्याने हिरव्या चहाचा झेज्यांग आणि काळ्या चहाचा फूच्यान हे दोन्ही प्रदेश पाहिले. फूच्यानमध्ये ‘बोहिया’ दिसेल अशी त्याची अपेक्षा होती, तिथेही झुडूप ‘विरिडिस’च निघाले. फरक झाडात नाही, पानांवरच्या प्रक्रियेत आहे, हे त्याने 1847 च्या आपल्या पुस्तकात मांडले. तोडलेले पान लगेच तापवले की त्यातील विकर निकामी होतात आणि ते हिरवे राहते. तेच पान सुकवून, मळून हवेत ठेवले की त्यातील द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन ते काळे होते. निर्यातीचा चहा अधिक हिरवा दिसावा म्हणून त्यात प्रशियन निळा रंग आणि जिप्सम मिसळतात, हेही त्याने पाहिले आणि जाहीर केले.

1848 मध्ये कंपनीने त्याला पुन्हा पाठवले, या वेळी चांगल्या वाणाचे बी आणि रोपे मिळवायला. परकीयांना बंदी असलेल्या अंतर्भागात तो डोके भादरून, चिनी वेषात शिरला. पहिल्या हंगामात त्याने बी कधी किंतानाच्या पिशव्यांत, कधी कोरड्या मातीत घालून भारतात पाठवले, पण एकही पद्धत यशस्वी झाली नाही. मग त्याने वॉर्डच्या पेट्या वापरल्या. लंडनचा वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड याच्या लक्षात आले होते की बंद काचपात्रात ओलावा फिरत राहतो आणि वनस्पती पाणी न घालताही महिनोन्‌महिने जगते. फॉर्च्युनने अशा पेट्यांत तुतीची रोपे लावून त्यांच्यामधल्या मातीत चहाचे बी पेरले. वाटेत ते उगवले. एकेबेर्गची कुंडी आणि फॉर्च्युनची पेटी यांमागचा विचार एकच होता. 1851 मध्ये हजारो रोपे आणि चिनी कारागीर सहारनपूरमार्गे हिमालयातल्या सरकारी मळ्यांत पोहोचले. चीनच्या दृष्टीने ही उघड चोरी होती आणि तिला दुसरे नाव देता येत नाही. 1888 च्या सुमारास ब्रिटनमध्ये येणारा भारतीय चहा चिनी चहाच्या पुढे गेला.

आता नावांचे. थिया आणि कॅमेलिया एकच आहेत असे म्हणून रॉबर्ट स्वीट याने 1818 मध्येच दोन्ही प्रजाती जोडल्या होत्या आणि एकत्रित प्रजातीसाठी कॅमेलिया हे नाव निवडले होते. दोन्ही नावे 1753 च्या एकाच ग्रंथातली असल्याने, जोडणाऱ्याने निवडलेले नाव टिकते, असा नामकरणाचा नियम आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो कुंट्झे याने 1887 मध्ये चहाला ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ हे आजचे नाव दिले. पण थिया सहजी गेली नाही, विसाव्या शतकातही पुष्कळ पुस्तकांत ती वेगळी राहिली. सीली यांच्या 1958 च्या ग्रंथाने प्रश्न बराचसा निकालात काढला: देठाची लोंबती फुले आणि न गळणारी निदले ही लक्षणे असलेला चहाचा गट त्यांनी कॅमेलियातच एक विभाग म्हणून ठेवला. आसामच्या झाडाला आसाम कंपनीच्या मास्टर्स याने 1844 मध्ये ‘थिया असामिका’ म्हटले होते. जपानच्या कितामुरा यांनी 1950 मध्ये त्याला चहाचा एक प्रकार ठरवले. चिनी प्रकार म्हणजे बुडातून अनेक फांद्या फुटलेले, लहान पानांचे, थंडी सोसणारे झुडूप. आसामी प्रकार मोकळा सोडला तर एका खोडाचा, दहा-पंधरा मीटर उंचीचा वृक्ष होतो, पाने चिनी प्रकाराच्या दुप्पट-तिप्पट लांब. मळ्यात तो कमरेइतकाच दिसतो, कारण दर काही वर्षांनी त्याची छाटणी होते आणि कोंब आला की ‘दोन पाने, एक कळी’ खुडली जाते.

मळेवाले या प्रकारांना ‘जात’ म्हणतात आणि एकाच मळ्यात अनेक जाती सापडतात. जोरहाटजवळ 1911 मध्ये सुरू झालेल्या टोकलाई संशोधन केंद्राने या मिसळीतून निवडक झुडपे वेगळी काढून त्यांची कलमे केली. टीव्ही-1 हा पहिला वाण 1949 मध्ये मळ्यांना दिला गेला. कलमामुळे हजारो झुडपे एकसारखी होतात, जे बियांनी कधीच साधले नसते. 2017 मध्ये चिनी संशोधकांनी आसामी प्रकाराच्या एका युनानी वाणाचा जनुकसंच वाचला. तो सुमारे तीन अब्ज आधारयुग्मांचा आहे. कॉफीतले आणि चहातले कॅफीन एकच रसायन असले, तरी ते बनवणारी जनुके दोन्ही वनस्पतींत स्वतंत्रपणे विकसित झाली आहेत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून असेही दिसते की युनानचा आणि भारताचा आसामी चहा वेगवेगळा लागवडीखाली आला असावा.

चहापलीकडेही ही प्रजाती माणसाच्या उपयोगाची आहे. क्लार्क एबेल याने 1818 मध्ये वर्णिलेल्या ‘कॅमेलिया ओलिफेरा’च्या बियांचे तेल हुनान आणि ज्यांगशी प्रांतांत स्वयंपाकाला वापरतात. जपानमध्ये इझू ओशिमा व गोतो बेटांवर त्सुबाकीचे तेल काढतात, ते केसांना लावतात आणि सुतार रंधे-पटाशांना गंज लागू नये म्हणून चोळतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये जे. सी. विल्यम्स यांनी 1920 च्या दशकात युनानची ‘सालुएनेन्सिस’ आणि जपानी कॅमेलिया यांचा संकर केला, थंड प्रदेशांतल्या बागांत आज दिसणाऱ्या कितीतरी कॅमेलिया त्या वंशाच्या आहेत.

चीन-व्हिएतनाम सीमेवरच्या पिवळ्या फुलांच्या जाती रानातून खणून नेल्या गेल्यामुळे आणि जंगले तुटल्यामुळे धोक्यात आहेत. भारतात अरुणाचल, मणिपूर, नागालँड आणि वरच्या आसामच्या डोंगरांत कधीही न छाटलेले चहाचे जुने वृक्ष अजून उभे आहेत. मळे कलमांच्या मोजक्या वाणांवर आलेले असताना, रोग आणि बदलते हवामान सोसणारे गुण शोधायचे तर ते या वृक्षांतच मिळण्याचा संभव अधिक. त्यांची झाडनिहाय नोंद आणि जपणूक त्या डोंगरांतल्या लोकांना सोबत घेऊन आताच व्हायला हवी, आणि तिथे कोणते झाड कशाचे, हे या वेळी त्यांना आधी विचारायला हवे.